विचाराला खुर्ची देऊ नये

तिला सगळे चिमणी म्हणत. अंगानं एवढीशी, आणि तोंड घटकाभर बंद राहील तर शपथ. बोलायला समोर कुणी नसलं की ती उपासनेतली गीतं गुणगुणायची, तीही अशा सुरात की पेटी वाजवणाऱ्याला वाटावं, आपलीच पट्टी चुकली. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईघर होतं, तिथं ती कामाला होती. बघणाऱ्याला वाटे, काय आनंदी बाई आहे! तशी ती होतीच. पण मन मात्र तिचं कधी जागेवर नसे. साध्या गोष्टीतून ते असं काही रचत बसे की शेवटी तिलाच रडू फुटे.

एकदा काय झालं, नवऱ्याला घरी यायला उशीर झाला. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. चिमणी मटार सोलत बसली होती. पहिल्याच शेंगेला तिच्या मनात आलं, दोर तर तुटला नसेल? चार शेंगा होईपर्यंत नवरा इस्पितळात पोचला. अर्धं भांडं भरलं तेव्हा शवपेटी ख्रिस्तमंदिरात आली होती, पाळकसाहेब उभे राहिले होते, आणि कोणतं गीत घ्यायचं यावरून तिचं नि सासूबाईंचं बिनसलंही होतं. सगळ्यावर कडी म्हणजे, मातीची वेळ झाली तरी धाकट्या दिराचा पत्ता नाही. आला तो उशिरा, मागच्या बाकावर टेकला आणि खिशातून फोन काढून बघत बसला. चिमणीच्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात दार ढकलून नवरा आत आला. काखेत कलिंगड.

"सुरी कुठाय गं?" तो म्हणाला.

प्रकरण इथंच मिटायचं. पण रविवारी दीर जेवायला आला, तर चिमणीनं त्याच्यापुढे ताट आदळलं. वाढताना बोलेना. तो बिचारा दोन घास खाऊन थांबला.

"वहिनी, माझं काही चुकलं का?"

"सख्ख्या भावाच्या मातीला उशिरा येता, वर विचारता काय चुकलं?"

नवऱ्यानं हातातला घास खाली ठेवला. "कोणत्या भावाच्या?"

"तुमच्याच की!" चिमणी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

त्या दिवशी घर जे हसलं! दीर तर खुर्चीवरून घसरला. सासूबाईंना हसता हसता कवळी काढून ठेवावी लागली. चिमणीही हसली. पण भांडी विसळायला मोरीशी गेल्यावर तिचा चेहरा उतरला, आणि सासूबाई मागोमाग आल्या ते त्यासाठीच.

सासूबाईंनी उभी हयात संडे स्कूलमध्ये पोरं शिकवण्यात घालवलेली. त्यामुळे बोलणं छडीसारखं सरळ, आणि मायाही तशीच, लपवाछपवी न करणारी.

"काय गं, झालं काय?"

"आई, तुम्ही हसलात, मीही हसले. पण हे असं दिवसभर चालतं हो माझ्या डोक्यात. कुणी नुसतं 'येतो' न म्हणता गेलं तरी मी त्याचं पार टोक गाठते. दमते मी. काम करून दमत नाही इतकी ह्यानं दमते."

सासूबाईंनी फडकं घेतलं आणि ताटं पुसायला लागल्या. "दारावर आलेल्या प्रत्येकाला आपण घरात घेतो का? खुर्ची देतो का? चहा टाकतो का?"

"नाही."

"मग विचारालाच का देतेस? आला म्हणून त्याला बसवायचाच, असं शास्त्रात कुठं लिहिलंय? उलटच लिहिलंय. प्रेषित पौल म्हणतो, प्रत्येक विचाराला धरून ख्रिस्ताच्या आज्ञेत आणायचा. आणि कसा ओळखायचा, तेही त्यानंच सांगितलंय. जे सत्य, जे आदरणीय, जे न्याय्य, जे शुद्ध, त्याचं मनन करा. पुढे आणखी आहे, पण तुला आज पहिला शब्द पुरे. विचार आला की त्याला उंबऱ्यावरच विचारायचं, बाबा रे, तू खरा आहेस का? खरा नसेल तर आल्या पावली परत."

"इतकं सोपं असतं होय, आई?"

"सोपं कोण म्हणालं? तुरुंगात बसून लिहिलंय त्यानं ते. काळजी करायला त्याला तुझ्यापेक्षा जास्त कारणं होती, आणि कलिंगड घेऊन येणारंही कुणी नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून चिमणी कामाला लागली. शास्त्रातलं ते वचन विसरू नये म्हणून ती ते पुटपुटत राहायची. जिना उतरताना, ट्रॉली ढकलताना, वाफेच्या इस्त्रीत चादर सरकवताना. "जे सत्य, जे आदरणीय…" आणि विचार आला की लगेच, "तू खरा आहेस का?" सुरुवातीला गंमतच झाली. पाळकसाहेबांनी तिच्याकडे न बघता शेजारणीला नमस्कार केला, की मन म्हणे, तुझ्यावर रागावलेत. खरं आहे का? त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. बहिणीनं फोन उचलला नाही, की आजारी पडली असेल. खरं आहे का? ती केस धूत होती. चिमणीला वाटलं, आयुष्यभर आपण भुईवरच्या दोरीला साप समजून काठी घेऊन धावतोय! तिचं अंग हलकं झालं, गुणगुणणं वाढलं आणि सूर होता तिथंच राहिला.

मग ताडबाईचं प्रकरण आलं.

ताडबाई म्हणजे धुलाईघरातली तिची जोडीदारीण. ताडमाड उंच, म्हणून ताडबाई. इस्पितळाच्या मोठ्या चादरींची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहून दोन-दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, चालत एकमेकींकडे यायचं, टोकाला टोक मिळवायचं आणि पुन्हा मागे जायचं. एक बुटकी नि एक उंच, त्यामुळे चादर कायम उतरणीला लागलेली. बाकीच्या बाया म्हणत, "ह्यांच्या चादरीवरून पेशंट घरंगळत घरी जाईल." कैक वर्षं त्या दोघी अशा दिवसभर एकमेकींकडे येत होत्या आणि मागे जात होत्या. सख्ख्या बहिणी बोलणार नाहीत एवढं बोलून झालं होतं.

पण अलीकडे ताडबाई बदलली होती. सकाळी चिमणीनं पाठीमागून हाक मारली तर वळून बघायची नाही. विचारलं एक, तर उत्तर भलतंच किंवा नुसती मान. धुलाईघराच्या मुकादमबाई लवकरच निवृत्त व्हायच्या होत्या, आणि त्यांची जागा ह्या दोघींपैकीच कुणाला तरी मिळणार, असं सगळे म्हणत होते. त्यातच एकदा चिमणी साबणाच्या पिंपाबद्दल विचारायला, धुलाईघर ज्यांच्या हाताखाली होतं त्या मॅडमच्या केबिनमध्ये गेली, तर आत ताडबाई. चिमणीला बघताच मॅडम बोलता बोलता थांबल्या. ताडबाई खाली मान घालून बाहेर गेली.

झालं! मनाला आयतं मैदान मिळालं. ताडबाई मागच्या दारानं जागा पटकावतेय. माझ्याबद्दल काहीबाही सांगतेय. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून माझ्याशी बोलत नाही. चिमणीनं सवयीनं विचारलं, खरं आहे का? आणि या वेळी मन ठासून म्हणालं, हो, खरं आहे! तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस.

आता काय करायचं? चिमणी वचन जास्तच जोरात पुटपुटायला लागली, पण दात आवळून. चादर झटकताना असा हिसका द्यायची की ताडबाईच्या हातून टोकं सुटत. ताडबाई काही बोलायची नाही, वाकून टोकं उचलायची. तिचं ते गप्प राहणं चिमणीला आणखीच झोंबायचं. बघा, हिच्या मनात पाप आहे, म्हणून तर ऐकून घेतेय!

शेवटी एका दुपारी तिनं सासूबाईंपुढे सगळं ओतलं. सासूबाई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवायच्या खटपटीत होत्या. चिमणीनं तो ओवून दिला आणि म्हणाली, "आई, तुमचं वचन इथं चालेना. मी विचारते, खरं आहे का, आणि मन म्हणतं, आहे."

"तू विचारतेस कुणाला?"

"मनालाच की."

"अगं वेडे, चोरालाच विचारतेस होय, तू चोर आहेस का म्हणून? तो हो म्हणेल, नाही म्हणेल, सोयीचं असेल ते म्हणेल. खरं काय ते ताडबाईला ठाऊक. प्रभूनं सांगितलंय, कुणी तुझ्याशी वाईट वागलं तर त्याच्याकडे जा, दोघंच असताना बोल. मनातल्या मनात खटला चालवून मोकळं व्हा, असं नाही सांगितलं."

"आणि ती खरंच तशी निघाली तर?"

"तर कळेल. मग क्षमा कशाला करायची ते तरी नक्की होईल. आत्ता तू तिला कशाची शिक्षा देतेस, ते तिलाही माहीत नाही नि तुलाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चिमणी धुलाईघराच्या मागच्या अंगणात गेली. तिथं दोरीवर रुग्णांचे हिरवे डगले वाळत होते. बाकावर ताडबाई एकटी डबा उघडून बसली होती. चिमणी मागून जाऊन त्याच बाकावर तिच्याकडे पाठ करून टेकली, डोळे समोरच्या डगल्यांवर रोवले, कारण तोंडाकडे बघून बोलायचा धीर नव्हता.

"हे बघ," ती म्हणाली, "माझ्या मनात फार दिवस एक आहे. तू मॅडमकडे का जातेस, ते मला सांग. माझ्याबद्दल काही बोलत असलीस तर तोंडावर बोल. मला वाईट वाटेल, पण मी ऐकून घेईन."

ताडबाईनं शांतपणे एक घास घेतला.

चिमणीची कानशिलं तापली. आता तर तोंडावर! उत्तरसुद्धा द्यायचं नाही! ती ताडकन उठली. पण उठता उठता जिभेवर वचन आलंच, सवयीनं, आणि पहिल्या शब्दापाशी ती अडखळली. उत्तर दिलं नाही, एवढंच खरं. का दिलं नाही, ते अजून कुठं ठाऊक आहे? ती बाकाला वळसा घालून ताडबाईच्या समोर आली.

ताडबाई दचकली. डबा सांडता सांडता वाचला. "अगं बाई! तू कधी आलीस?"

चिमणी तिच्याकडे बघतच राहिली. मग हळूच तिनं तोंडावर हात धरला आणि त्या आडून म्हणाली, "तुझ्या पदराला मुंगळा चढलाय."

ताडबाई तशीच तिच्या डोळ्यांकडे बघत बसली. पदराकडे तिची नजरसुद्धा गेली नाही.

"तुला ऐकू येत नाही," चिमणी म्हणाली, हात काढून, सावकाश.

एवढ्या उंच बाईचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. तिनं आजूबाजूला बघितलं आणि मग बोलायला लागली ती थांबेचना. यंत्रांच्या आवाजात वर्षं गेली, कान हळूहळू जात राहिले, आता जवळपास काहीच येत नाही. समोर कुणी असलं की ओठांवरून समजतं. चादर धरून समोर उभं राहायचं काम, म्हणून तर इतके दिवस निभलं. पण मध्यंतरी धुण्याच्या यंत्राचा ड्रम थांबल्याचा भोंगा तिला ऐकू आला नाही, कपडे आतच राहून गेले, आणि मॅडमनी बोलावून जाब विचारला. तिनं मॅडमच्या हातापाया पडून सांगितलं, कुणाला कळू देऊ नका, मला काढून टाकतील.

"मला का नाही सांगितलंस?" चिमणी म्हणाली.

"तुला कसं सांगू?" ताडबाई डोळे पुसत म्हणाली. "तू तर केव्हापासून माझ्याकडे बघून तोंडातल्या तोंडात शिव्या देत होतीस!"

"शिव्या? मी?"

"नाहीतर काय! समोर उभं राहून सारखे ओठ हलवायचीस. ओठ एवढे आवळलेले की एक शब्द लागायचा नाही. वर चादरीला हिसके. मला वाटलं, हिला कळलं असणार माझं, हिला आता मी जोडीला नको झालेय."

चिमणी मटकन बाकावर बसली. "अगं, वचन म्हणत होते मी! पवित्र शास्त्रातलं! मनात वाईट विचार येऊ नयेत म्हणून!"

ताडबाईनं तिचे ओठ नीट वाचले. पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग तिच्या खांद्यांना झटके बसायला लागले, आणि चिमणीला वाटलं ही रडतेय, तर ती हसत होती. दोघी अशा हसल्या की आत डबा खात बसलेल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. हसणं ओसरल्यावर चिमणीनं आपल्या मनात काय काय होतं तेही सांगितलं, जागेचं, केबिनचं, सगळं. ताडबाईनं तिच्या डोक्यावर एक टप्पल मारली. क्षमा झाली.

पुढचं सगळं मग भराभर झालं. चिमणी ताडबाईला घेऊन मॅडमकडे गेली. मॅडम दिसायला करड्या, पण त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "अहो, आपल्याच इस्पितळात कानाचे डॉक्टर आहेत. त्यांच्या चादरी तुम्ही धुता, आणि त्यांच्याकडे जायला घाबरता?" भोंग्याचा प्रश्न चिमणीच्या नवऱ्यानं सोडवला. सुट्टीच्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि प्रत्येक ड्रमवर एक लाल दिवा बसवून गेला. भोंगा वाजला की दिवा लागायचा. त्याचा फायदा सगळ्यांनाच झाला, कारण त्या गदारोळात भोंगा धड ऐकू येत नाही हे बाकीच्या बायाही आता कबूल करायला लागल्या.

कानाचं यंत्र बसवून ताडबाई पहिल्यांदा कामावर आली, तेव्हा चिमणीनं चादरीची टोकं धरली आणि आनंदाच्या भरात तिचं आवडतं गीत सुरू केलं. ताडबाई चादर धरून स्तब्ध उभी राहिली. एक कडवं पूर्ण ऐकलं.

"हे तू रोज गात होतीस?"

"रोज!"

"देव फार दयाळू आहे गं," ताडबाई गंभीरपणे म्हणाली. "त्यानं माझे कान एवढे दिवस उगाच नव्हते झाकले."

मुकादमबाई निवृत्त झाल्या, आणि त्यांची जागा ताडबाईला मिळाली. मॅडमनी सगळ्यांसमोर तसं सांगितलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. चिमणीनंही वाजवल्या, पण हात वाजत असताना आतून एक विचार आलाच. तूच हिला मॅडमकडे नेलंस, तूच नवऱ्याला राबवलंस, नाहीतर ही आज घरी बसली असती. चिमणीनं लगेच विचारलं, खरं आहे का? आणि ती चपापली, कारण ह्या वेळी ते खरंच होतं. पहिल्या शब्दाच्या चाळणीतून विचार बेधडक खाली उतरला. मग दुसरा शब्द लागला. आदरणीय. त्याचा अर्थ सासूबाईंनी पोरांना शिकवायच्या पद्धतीनं सांगितला होता. जे पाळकसाहेबांसमोर मोठ्यानं म्हणायला लाज वाटत नाही, ते आदरणीय. चिमणीनं मनातल्या मनात पाळकसाहेबांसमोर उभं राहून ते वाक्य म्हणून बघितलं, आणि तिला एवढं ओशाळं वाटलं की हसूच आलं. मग ताडबाईत कौतुकाचं काय आहे, ते ती आठवू लागली, आणि पुष्कळ सापडलं. नुसता ड्रमवर तळवा ठेवून ही बाई आतला भार कमी की जास्त ते सांगते. नव्या बाईचा हात भाजला तर स्वतःचं काम टाकून आधी धावते. हिसके बसले तरी चकार शब्द न काढता टोकं उचलते. टाळ्या थांबायच्या आत चिमणी पुढे गेली, आणि ताडबाईला मिठी मारली. मिठी कमरेलाच बसली, पण बसली.

घरी आल्या आल्या तिनं सासूबाईंना सांगितलं, "आई, आज दुसरा शब्द वापरला!"

"शाबास!" सासूबाई म्हणाल्या. "पुढचे अजून बाकी आहेत. घाई करू नकोस. मी आहे अजून काही वर्षं."

त्या रविवारी ताडबाई जेवायला आली. तिला कमी ऐकू येतं एवढंच सासूबाईंच्या लक्षात होतं, यंत्राचं त्या विसरल्या होत्या. त्यामुळे त्यांनी घर दणाणेल अशा आवाजात सुरुवात केली, "बस हो! पाणी हवं का?"

"आजी, ओरडू नका," ताडबाई हसून म्हणाली, "मला आता छान ऐकू येतं."

"काय म्हणालीस?" सासूबाईंनी कानाला हात लावला. "जरा मोठ्यानं बोल गं, मला आता पूर्वीसारखं येत नाही!"

नवरा आणि दीर एकमेकांकडे बघून हसू दाबत होते. मग ताडबाई मोठ्यानं बोलायला लागली, सासूबाई त्याहून मोठ्यानं, आणि शेजारच्यांनी खिडकीतून डोकावून विचारलं, भांडण चाललंय का? "छे हो, ओळख चाललीय!" चिमणी स्वयंपाकघरातून ओरडली, आणि वाढायची पळी हातात घेऊन गुणगुणतच बाहेर आली.